डब्यातला साहेब

कोळशाची कणी डोळ्यांत जाते. चोळून उघडता तो साल १८९३, आणि तुम्ही नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या गाडीत. समोर नारायण वामन टिळक. तिशी ओलांडलेला कोकणस्थ ब्राह्मण, कवी, पोटापाण्याच्या मागावर. शेजारी एक गोरा साहेब.

साहेब अंतर राखून बसेल, असं तुम्हाला वाटतं. पण हा सौजन्याने बोलतोय, तेही संस्कृत काव्यावर! टिळकांची कळी खुलते. मग गोष्ट देवाधर्मावर येते. तुम्ही कान टवकारता. आता नरकाचं भय घालणार. तो नुसता नवा करार काढतो, टिळकांच्या हातावर ठेवतो. वाचा म्हणतो. वर, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत. टिळकांना ते वेडगळ वाटतं, पण वाचायचा शब्द ते देऊन बसतात.

शब्दासाठीच ते पुस्तक उघडतील, सवयीप्रमाणे हातात पेन्सिल घेऊन. डोंगरावरच्या प्रवचनापाशी मात्र अडकतील: वैऱ्यावर प्रेम करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. तिथून त्यांना उठवणार नाही. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा. पुढे हाच माणूस टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ताचं कीर्तन करील, तुकोबांच्या पुलावरूनच आपण येशूच्या पायाशी आलो म्हणेल. मला विचाराल तर साहेबाच्या पुस्तकाला मराठी गळा मिळाला तो इथे.

हे सगळं ठाऊक असलेले डब्यात तुम्ही एकटेच. आणि तुम्हाला टिळकांची बायको लक्ष्मीबाई आठवते. मुलाला पोटाशी धरून नातलगांत राहिलेली, नवरा बाटला म्हणून उरी फुटलेली. तिला कुणी असं अदबीने विचारलं नव्हतं. पुढे ती नवऱ्याकडे येईल, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. सोवळ्याओवळ्याचा हिशेब आपल्या मनाशी ती स्वतःच घालील, आणि एके दिवशी तिचं तिलाच पटेल की जाती माणसांनी केल्या. बाप्तिस्मा घेईल ती १९००मध्ये.

साहेबाचं नाव टिळकांना पुढेही कळलं नाही. तुम्ही आत्ता विचारू शकता. साहेब खिडकीबाहेर बघतोय. टिळक ते पुस्तक बोचक्यात कोंबतात, कपड्यांच्या खाली, दिसणार नाही असं.