दांड्यावरचं मेण

१८५९ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, टायटसव्हिल या गावी जमिनीतून तेल निघालं. ते बघायला रॉबर्ट चेसब्रो नावाचा बावीस वर्षांचा रसायनतज्ज्ञ तिथे पोचला. व्हेलच्या तेलापासून दिव्याचं इंधन बनवायचा त्याचा धंदा या नव्या तेलामुळे बुडणार होता. तिथे पंपाच्या दांड्यांवर काळपट मेण साचत असे. कामगार या मेणावर वैतागायचे, आणि हात कापला किंवा भाजला की तेच चोपडायचे.

चेसब्रोने ते मेण सोबत नेलं, अनेक वर्षं खपून शुद्ध केलं आणि १८७२ मध्ये ‘व्हॅसलीन’ या नावाने पेटंट मिळवलं. त्यात चामड्यापासून हातांच्या भेगांपर्यंत अनेक उपयोग नोंदवले आहेत. पापण्या मात्र त्यात नाहीत.

तो उपयोग मेबल विल्यम्सचा. असं सांगतात, की स्वयंपाकघरात तिच्या भुवया-पापण्या होरपळल्या, तेव्हा तिने जाळलेल्या बुचाची पूड व्हॅसलीनमध्ये कालवून लावली. तिचा भाऊ टॉम लाइल याने ते पाहिलं आणि १९१५ मध्ये शिकागोत धंदा उभारला. मेबल आणि व्हॅसलीन मिळून नाव झालं मेबलीन.

खरं तर व्हॅसलीन स्वतः जखम भरत नाही. ते वर थर धरतं, आतला ओलावा उडू देत नाही. भरून येण्याचं काम त्वचा करते. पापणीवर काजळी धरून ठेवणारा चिकटपणाही तोच.

ही युक्ती आपल्याकडच्या बायकांना ठाऊक होतीच. फणीकरंड्यात कुंकवाशेजारी मेण असायचं. कपाळावर आधी मेणाचं बोट, मग त्यावर कुंकू. माझ्या आजीच्या करंड्यातलं मेण संपलं, तेव्हा तिने त्या जागी व्हॅसलीन भरलं. उन्हाळ्यात कुंकू जरा पसरायचं, पण तिचं भागायचं.

कामगारांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. मेबलचं अर्धं नाव ब्रँडमध्ये उरलं. दोन्ही वेळा शोध वापरणाऱ्यांचा होता आणि धंदा बघणाऱ्याचा झाला. आजीला ही युक्ती स्वतः सुचली, की शेजारणीने सांगितली, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.