दृश्य वेब-संपादक
पडद्यावर पान दिसेल तसेच जुळवू देणारे आणि त्यामागील एचटीएमएल आपोआप लिहिणारे सॉफ्टवेअर. टिम बर्नर्स-ली यांचा १९९० मधील पहिला ब्राउझर संपादकही होता. नंतरच्या मोझॅक या ब्राउझरमध्ये संपादनाची ही सोय नव्हती. त्यामुळे एचटीएमएलचे टॅग हातानेच लिहिले जात. पुढे फ्रंटपेज आणि ड्रीमवीव्हर (१९९७) हे दृश्य संपादक आले. फ्रंटपेज बराच अनावश्यक कोड भरत असे. हाताने लिहिलेला कोड न बिघडवणे हा ड्रीमवीव्हरचा मोठा गुण.

हाताने टॅग लिहिणे आणि दृश्य संपादक वापरणे यांतला खरा फरक अर्थाचा आहे. दृश्य संपादकात अक्षरे मोठी व ठळक केली की शीर्षक झाल्यासारखे वाटते, पण शीर्षकाचा टॅग नसेल तर दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरला ते साध्या मजकुरासारखेच भासते. म्हणून दृश्य संपादक वापरणाऱ्यालाही एचटीएमएल वाचता येणे आवश्यक ठरते.