कानाखालच्या गाठीचा इतिहास

लाळग्रंथींचा कर्करोग विरळा, पण त्याचे प्रकार वीसहून अधिक. त्यामुळे तो ओळखण्यातच वैद्यकाची दीडशे वर्षे गेली. १८५९ मध्ये थिओडोर बिलरोथ यांनी अशाच एका गाठीला ‘सिलिंड्रोमा’ म्हटले. सूक्ष्मदर्शकाखाली ती चाळणीसारखी भोकाभोकांची दिसते. नाव साधे, आजार मात्र चिवट: गाठ सावकाश वाढते, मज्जातंतूंच्या कडेने सरकते आणि दहा-पंधरा वर्षांनीही फुप्फुसात डोके वर काढते. आज तिला ‘अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा’ म्हणतात. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या फूट आणि फ्रेझेल या डॉक्टरांनी लाळग्रंथींच्या ८७७ गाठी तपासून वर्गवारी मांडली.

शस्त्रक्रियेची खरी अडचण चेहऱ्याच्या मज्जातंतूची. तो कानाखालच्या लाळग्रंथीतूनच फांद्या फुटत जातो. तो दुखावला की डोळा मिटत नाही, ओठाचा कोपरा लोंबतो. या धास्तीने पूर्वी नुसती गाठ खरवडून काढत. मागे राहिलेल्या पेशींतून ती पुन्हा उगवे. विसाव्या शतकाच्या मध्यावर आधी तंतूचे खोड शोधून, एकेक फांदी सोडवत ग्रंथी काढण्याची रीत रुळली. रुग्णांचा चेहरा वाचवणारा हा बदल सर्वांत मोलाचा. पुढे गरजेप्रमाणे किरणोपचारांची जोड मिळाली.

२०१० मध्ये चेक प्रजासत्ताकातील अलेना स्कालोव्हा आणि सहकाऱ्यांनी दोन जनुकांच्या जोडणीवरून या कर्करोगाचा एक नवा प्रकार वेगळा काढला. त्याच जोडणीवर चालणाऱ्या लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

कानाखालची गाठ दुखत नसली, तरी ती डॉक्टरांना दाखवावी.