कच्चा सॅमन: पौष्टिक, पण कुणी टाळावा?

हॉटेलात जेवणाआधी येणाऱ्या कच्च्या सॅमनच्या पातळ कापांत ओमेगा-३, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व चांगले असते. १०० ग्रॅममध्ये प्रथिने सुमारे २० ग्रॅम. पण हे गुण माशाचे आहेत, कच्चेपणाचे नव्हेत. शिजवल्यावरही ते बहुतेक टिकतात.

मढच्या बंदरावरचा ताजा रावस घरी कच्चा खाऊ नका. त्याला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, तरी तो सॅमनच्या कुळातला नाही. कच्चा खायचा मासा सहसा उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवतात, म्हणजे ॲनिसाकिससारखे कृमी मरतात. घरच्या फ्रीजरवर त्यासाठी विसंबू नये. लिस्टेरियासारखे जिवाणू तर गोठवूनही जगतात. लिंबू पिळून यांतले काहीच खात्रीने मरत नाही.

गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध, यकृताचे रुग्ण, केमोथेरपी चालू असलेले किंवा प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांनी कच्चा मासा टाळावाच. ओमेगा-३ साठी बांगडा, तारली आहेत की! स्वस्तही पडतात. तळण्यापेक्षा कालवण बरे.

कच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांत पोटात जोराची कळ किंवा उलट्या सुरू झाल्या, तर डॉक्टरांना काय खाल्ले ते आवर्जून सांगा. कृमी असल्यास एंडोस्कोपीने काढता येतो. ओठ सुजले वा श्वास लागला, तर थेट रुग्णालय गाठा.