काळ्या भुताची कागदपत्रं

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातून वुडवर्ड अव्हेन्यू नावाचा एक रस्ता निघतो आणि उत्तरेला पाँटियाकपर्यंत जातो. चाळीसेक किलोमीटरचा, रुंद आणि बराचसा सरळ. १९०९ साली याच रस्त्याच्या एका मैलावर काँक्रीट घातलं गेलं, तेव्हा ती मोठी नवलाई होती. पुढे १९६०च्या दशकात या रस्त्याला रात्रीचं एक वेगळंच आयुष्य लाभलं. सिग्नलला दोन गाड्या शेजारी शेजारी थांबायच्या. काचा खाली व्हायच्या, नजरानजर व्हायची, दिवा हिरवा झाला की दोन्ही गाड्या सुटायच्या. पाव मैल, म्हणजे साधारण चारशे मीटर. पुढे गेला तो जिंकला. यालाच ड्रॅग रेसिंग म्हणतात. याचे रीतसर ट्रॅक होते, १९५१ पासून संघटनाही होती. रस्त्यावरच्या शर्यती मात्र बेकायदा. तरीही त्या चालायच्या. डेट्रॉइट हे मोटारींचं गाव, त्यामुळे कंपन्यांचे इंजिनिअरही नवी इंजिनं आजमावायला रात्री तिथे येत.

या रस्त्यावर १९७०च्या सुमारास एक काळी गाडी यायची. शेपटाकडे पांढरा पट्टा, डोक्यावर मगरीच्या कातडीसारखी नक्षी असलेलं व्हिनाइलचं छत. यायची, समोरच्याला हरवायची आणि निघून जायची. थांबून गप्पा नाहीत, नाव सांगणं नाही. मग कित्येक दिवस तिचा पत्ता नसायचा. लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘ब्लॅक घोस्ट’, काळं भूत. १९७५च्या आसपास ते भूत जे गेलं, ते परत दिसलं नाही.

आज मला या भुताच्या मालकीबद्दल बोलायचं आहे. मोटारींमधला मी जाणकार नव्हे. आयुष्यात एक स्कूटर घेतली, तीही तिसऱ्या हाताची. आधीचे दोन मालक कोण, तिने कुणाला कुठे कुठे नेलं, हे मला कधी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही. पण जुन्या शर्यतीच्या गाड्यांचे मालक शोधत बसणारी माणसं जगात आहेत. त्यांचं काम पाहिलं की मला आपल्याकडचे जुनी दफ्तरं उपसणारे संशोधक आठवतात.

ते काम अवघड असतं. शर्यतीची गाडी म्हणजे मालकाच्या लेखी हत्यार. हंगाम संपला, नवं मॉडेल आलं, की जुनीचं इंजिन काढून दुसरीत बसवायचं, सांगाडा कुणाला तरी विकायचा. नवा मालक तिला वेगळा रंग देतो, वेगळं नाव देतो. चार हात फिरून ती कुठल्या तरी शेतातल्या खोपटात जाऊन पडते. तीस-चाळीस वर्षांनी कुणी रंग खरवडतो, तर खालच्या थरात जुन्या नावाची अक्षरं सापडतात. मग जुने फोटो, शर्यतींचे छापील कार्यक्रम, आधीच्या मालकांशी झालेला पत्रव्यवहार. एकेक दुवा जोडत मागे जायचं.

यात लबाडीही फार. गाडीची खरी ओळख तिच्या क्रमांकात असते. १९७०च्या डॉज चॅलेंजर गाडीचा क्रमांक जे-एस-दोन-नऊ-आर-शून्य-बी असा सुरू झाला, तर जाणकार त्यात अख्खी कुंडली वाचतो. जे म्हणजे चॅलेंजर. एस आणि २९ वरून तिचा दर्जा आणि तिच्या शरीराची घडण कळते. आर म्हणजे सात लिटरचं ‘हेमी’ इंजिन. शून्य म्हणजे १९७० साल. बी म्हणजे डेट्रॉइटला चिकटून असलेल्या हॅमट्रॅम्क गावचा कारखाना. बॉनेटखाली एक छोटी पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर गाडीच्या रंगापासून गिअरपर्यंतचे संकेत. आणि कारखान्यात गाडी जोडताना कामगारांच्या हाताशी असलेला कागद कधी कधी सीटच्या स्प्रिंगांत तसाच खोचलेला राहतो. पन्नास वर्षांनी तो मिळाला, तर मालकाला कोण आनंद! कारण साध्या गाडीवर दुर्मीळ गाडीच्या पट्ट्या ठोकून लाखोंना विकणारे महाभागही आहेत. १९७० साली हेमी इंजिनाच्या चॅलेंजर तयार झाल्या साडेतीनशेच्या आसपास. त्यांतही आलिशान ‘एसई’ सजावट आणि हाताने बदलायचे चार गिअर, अशा निघाल्या जेमतेम २३. आपलं काळं भूत त्या तेविसांपैकी एक.

‘हेमी’ म्हणजे काय, तेही सांगतो. इंजिनात पेट्रोल जिथे पेटतं ती पोकळी अर्धगोलाकार, म्हणून हेमी. ताकद ४२५ अश्वशक्ती. मारुती ८०० आठवा. तशी जवळजवळ नऊ इंजिनं एकत्र बांधली, तर या एका इंजिनाचं आकारमान होतं. मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडीत असं राक्षसी इंजिन बसवायचं, की झाली ‘मसल कार’. चॅलेंजरच्या या प्रकाराची मूळ किंमत साडेतीन हजार डॉलर होती आणि एकट्या हेमी इंजिनाचे जवळपास पावणेआठशे डॉलर जादा. त्याच्याशी पिस्तुलाच्या मुठीसारखा गिअरचा दांडा. उभ्या जागेवरून पाव मैल साधारण चौदा सेकंदांत.

ही गाडी १९६९च्या ऑक्टोबरात डेट्रॉइटच्या रेनल ब्रदर्स या विक्रेत्याकडे मागवली गेली आणि डिसेंबरात तिचा ताबा मिळाला. घेणाऱ्याचं नाव गॉडफ्री क्वॉल्स. सैन्यात ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये पॅराट्रूपर होता. आणि आता नोकरी कुठे? डेट्रॉइटच्या पोलिस खात्यात!

हसू येतं खरं, पण त्या काळातलं डेट्रॉइट डोळ्यांसमोर आणा. क्वॉल्स कृष्णवर्णीय होता. १९६७च्या जुलैमध्ये या शहरात मोठा उद्रेक झाला होता, त्यात ४३ माणसं मेली. त्या वेळी शहराच्या वस्तीत शंभरात पस्तीस-चाळीस कृष्णवर्णीय होते. पोलिसांत शंभरात पाच. अशा खात्यात टिकून राहिलेल्या माणसाने रात्री बेकायदा शर्यत लावायची, म्हणजे सापडला तर नोकरी गेलीच. म्हणून तो थांबत नव्हता. म्हणून नाव सांगत नव्हता. लोक ज्याला भुताची ऐट समजत होते, ती पगारावर जगणाऱ्या एका माणसाची खबरदारी होती.

पुढे दिवस पालटले. धुराचे कायदे आले, अशा गाड्यांचा विमा परवडेनासा झाला. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी हेमी इंजिन मिळणं १९७१ नंतर बंद झालं आणि १९७३ला तेलाचा भडका उडाला. गॉडफ्रीला संसार होता. गाडी गॅरेजमध्ये गेली आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिली. तिच्यावर नजर असणारे लोक येत, किंमत सांगत. तो विकत नव्हता. ज्या हॅमट्रॅम्कच्या कारखान्यात ती जन्मली, तो १९८०ला बंद पडला, नंतर जमीनदोस्त झाला. गाडी आपली अंधारात उभी.

२०१५च्या डिसेंबरात गॉडफ्री गेला. जाण्यापूर्वी त्याने मुलाच्या, ग्रेगरीच्या हातात गाडीचं मूळ टायटल दिलं. टायटल म्हणजे मालकीचा सरकारी दाखला. आपल्याकडच्या आरसी बुकाचा भाऊ. आणि सांगितलं, ही विकू नकोस.

आमच्या घरात यासाठी ‘अमानत’ हा शब्द वापरतात. कुणी विश्वासाने सोपवलेली चीज. ती तुमच्याकडे असते, पण तुमची नसते. हाच शब्द मराठीत ‘अनामत’ होऊन आला आणि घरमालकाच्या डिपॉझिटात जाऊन बसला, त्याला इलाज नाही. मालक, वारस, हक्क, कबजा हे मराठीतले मालकीचे शब्दही त्याच अरबी-फारसीच्या वाटेने आलेले. शब्दांचेही मालक बदलतात, आणि त्यांची कागदपत्रं बहुधा गहाळ असतात!

ग्रेगरीने गाडी पुन्हा चालू केली, मेळाव्यांत नेली. तिथे साठी-सत्तरीची माणसं तिच्याभोवती घुटमळू लागली. हीच का ती? वुडवर्डवरची? तेव्हा कुठे भुताला नाव मिळालं आणि नावाला भूत मिळालं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. मालकीच्या बाबतीत या गाडीइतका स्वच्छ इतिहास क्वचित कुणाचा असेल. कारखाना, विक्रेता, बाप, मुलगा. अर्ध्या शतकात एकच आडनाव. पण जिच्यामुळे ती गाडी मोठी झाली, त्या शर्यतींचा पुरावा काय? रीतसर ट्रॅकवर धावलात, तर वेळेची छापील चिठ्ठी हातात मिळते. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत धावणाऱ्याला कोण चिठ्ठी देणार? किती जणांना हरवलं, कधी, कुठे, याचा कागद नाही. आहेत त्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, आणि आठवणींना व्याज लागत जातं हे आपण सगळेच जाणतो. तरी मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. गॉडफ्रीने स्वतः ही कीर्ती मिरवली नाही, विकली नाही. ज्याला खोटं बोलून काही मिळवायचं असतं, तो चाळीस वर्षं गप्प बसत नाही.

आणि कागदाची तरी काय शाश्वती? १ डिसेंबर १९६३ला फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय चालक नॅस्कारची शर्यत जिंकला. ती लांब पल्ल्याची गोल धावपट्टीवरची शर्यत, आपल्या विषयाहून वेगळी. पण तिथे अधिकृत नोंदी ठेवणारे लोक होते, घड्याळं होती. तरीही विजेता म्हणून दुसऱ्याच गोऱ्या चालकाला घोषित केलं गेलं. काही तासांनी चूक कबूल झाली, पण करंडक काही स्कॉटच्या हातात आला नाही. तो १९९०ला वारला. त्याच्या कुटुंबाला करंडक मिळाला २०२१ साली. कागदावर लिहिणारा कोण, यावर बरंच अवलंबून असतं.

अमेरिकेत ऐतिहासिक मोटारींची एक राष्ट्रीय नोंदवही आहे. पहिली गाडी तिच्यात २०१४ला आली. निवडलेल्या गाडीची मोजमापं, छायाचित्रं, मालकीची कहाणी असं सगळं तयार करून ते तिथल्या संसदेच्या ग्रंथालयात, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ठेवलं जातं. २०२०ला या यादीत क्वॉल्स कुटुंबाच्या चॅलेंजरची भर पडली, अठ्ठाविसावी गाडी म्हणून. आधीच्या मानकऱ्यांत ‘बुलिट’ सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली मस्टँगही आहे. तिचीही गोष्ट अशीच. एका कुटुंबाने ती १९७४ला घेतली आणि कित्येक वर्षं लपवून ठेवली. १९७७ला खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती मागितली, तरी दिली नाही. पण तिला सिनेमाने मोठं केलं होतं. काळ्या भुताकडे कॅमेरा नव्हता.

मग डॉज कंपनीलाही आठवण झाली. जुनी चॅलेंजर १९७४ला बंद पडली होती, २००८ला ते नाव नव्या गाडीला मिळालं होतं आणि आता तीही बंद होणार होती. निरोपाच्या वेळी कंपनीने ‘ब्लॅक घोस्ट’ नावाच्या ३०० गाड्या काढल्या. काळा रंग, मागे पांढरा पट्टा, छतावर मगरीची नक्षी. ८०७ अश्वशक्ती. पोलिसाच्या गुपिताची अशी कारखान्यातून निघालेली तीनशे चित्रं.

आणि मे २०२३ मध्ये इंडियानापोलिसच्या लिलावात ग्रेगरीने मूळ गाडी विकायला काढली.

ऐकून मी अस्वस्थ झालो, हे कबूल करतो. बापाचा शब्द! हातोडा पडला ९ लाख ७५ हजार डॉलरवर. लिलावाचं कमिशन धरून १० लाख ७२ हजार ५००. त्या वेळच्या हिशेबाने आठ-नऊ कोटी रुपये. आपल्या कुटुंबाच्या भविष्यासाठी विकतो आहे, असं त्याचं म्हणणं होतं. टीका करणारे अर्थातच भेटले. पण जरा हिशेब करू. बापाने दिली तेव्हा ती गॅरेजमधली जुनी गाडी होती आणि तिचा दंतकथेशी असलेला धागा तुटला होता. मुलाने ती चालती केली, बापाचं नाव तिच्याशी जोडलं, ते राष्ट्राच्या ग्रंथालयात नेऊन ठेवलं आणि मगच हात सोडला. शिवाय कोट्यवधींची वस्तू घरात असली, की रात्री कुलूप दोनदा तपासावं लागतं. गॉडफ्रीला ते करावं लागलं नव्हतं, कारण त्याच्या गॅरेजमध्ये काय आहे हे फारसं कुणाला माहीतच नव्हतं. प्रसिद्धी मिळाली आणि सांभाळणं महाग झालं. मी त्या मुलाच्या जागी असतो तर? मला अजून ठरवता आलेलं नाही. माझी बायको म्हणाली, तू विकली असतीस, आणि तीही निम्म्या किमतीला.

गाडी नव्या मालकाकडे गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून शेवटची चॅलेंजर बाहेर पडली. वॉशिंग्टनच्या त्या ग्रंथालयात मात्र ऑक्टोबर १९६९ मध्ये मागवलेल्या गाडीच्या नोंदीत मालक म्हणून लिहिलेलं आहे: गॉडफ्री क्वॉल्स, डेट्रॉइट.