घोड्याचं नाक वाहतंय? आधी वेगळा बांधा, मग डॉक्टर बोलवा

शिरोळ तालुक्यात टांगे जवळपास संपले, घोडे मात्र संपले नाहीत. कुरुंदवाड, जयसिंगपूर, नृसिंहवाडीच्या आसपास वरातीचे घोडे आहेत, घोडागाडीच्या शर्यतीत पळणारे आहेत, आणि निव्वळ हौस म्हणून दारात बांधलेलेही आहेत. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांचा या जनावराशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध आहे. नालबंद हे आडनाव उगाच पडलेलं नाही. म्हणून घोड्यांच्या एका साथीच्या आजाराबद्दल, आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या भयंकर आजाराबद्दल, आम्ही इथे सविस्तर लिहीत आहोत.

पहिल्या आजाराचं नाव स्ट्रँगल्स. स्ट्रेप्टोकॉकस इक्वाय नावाच्या जंतूमुळे तो होतो. घोडा आधी सुस्त होतो, दाणा सोडतो, ताप चढतो. मग नाकातून पाणी आणि नंतर घट्ट पिवळा शेंबूड येतो, जबड्याखाली किंवा घशाजवळ गाठ धरते. आठ-पंधरा दिवसांत ती गाठ पिकते, फुटते, पू वाहून जातो आणि बहुतेक घोडे बरे होतात. लहान शिंगरांना आणि तरुण घोड्यांना त्रास जास्त. गाठ घशाच्या आत वाढली तर मात्र श्वास अडतो. मान ताठ पुढे काढून घोडा घरघर करू लागला, किंवा प्यालेलं पाणी नाकातून परत येऊ लागलं, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच डॉक्टर गाठा.

हा जंतू हवेतून लांबवर उडत जात नाही. तो नाकाला नाक लागून जातो आणि आपल्या हातून जातो. एकच बादली, एकच तोबरा, एकच मोहरकी, खरारा करायचा तोच ब्रश, पू पुसलेलं फडकं आणि ते धरणारे हात. पाण्याच्या हौदात तो आठवडे टिकू शकतो. शर्यतीच्या मैदानावर दहा गावचे घोडे एका टाकीला पाणी पितात तेव्हा काय होत असेल, याचा विचार करा. आजारी जनावर निरोगी जनावरांत आणू नये, ही शिकवण तर हदीसमध्येही आहे.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. स्ट्रँगल्समध्ये ताप आधी येतो आणि नाकातून जंतू पडायला साधारण दोन दिवसांनी सुरुवात होते. म्हणजे हे दोन दिवस आपल्या हातात असतात. निरोगी घोड्याचं तापमान साधारण 99 ते 101.5 फॅरेनहाइट असतं. तबेल्यात एक घोडा आजारी पडला की बाकीच्या सगळ्यांचं तापमान रोज सकाळ-संध्याकाळ बघा. थर्मामीटर गुदद्वारात लावायचा, दोरी बांधून, आणि आपण घोड्याच्या बाजूला उभं राहून. मागे उभं राहू नका, हे घोडेवाल्यांना सांगायला नको. पारा 102 च्या वर गेला की तो घोडा लगेच वेगळा बांधायचा, नाक वाहायची वाट बघायची नाही. शंभर-दीडशे रुपयांच्या थर्मामीटरने जे काम होतं ते नंतर हजारोंच्या इंजेक्शनांनी होत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वेगळा बांधायचा म्हणजे दुसऱ्या खुंट्याला नव्हे. वेगळी जागा, वेगळी बादली, वेगळा तोबरा. शक्य असेल तर माणूसही वेगळा. एकच माणूस असेल तर त्याने आधी निरोगी घोड्यांचं दाणापाणी उरकावं, आजारी घोड्याकडे शेवटी जावं, आणि परतताना साबणाने हात धुऊन कपडे बदलावेत. आजारी घोड्याला भिजवलेला कोंडा, हिरवा लुसलुशीत चारा असं गिळायला सोपं ते द्या. गाठीला गरम पाण्याचा शेक चालतो. पण कच्ची गाठ ब्लेडने फोडू नका. पेनिसिलीन या जंतूवर चालतं हे खरं, तरी मेडिकलमधून आणून स्वतः टोचू नका. गाठ धरल्यावर दिलेल्या औषधाने ती पिकायला उशीर लागू शकतो, म्हणून कधी द्यायचं आणि कधी नाही हे डॉक्टरांवर सोडा. आधी शेण, पू, गवत साफ करून जागा धुवा आणि मगच जंतुनाशक टाका. घाणीवर टाकलेली टीसीएल पावडर वाया जाते.

बरा झालेला घोडासुद्धा दोन-तीन आठवडे जंतू सोडत राहतो. घोड्याच्या घशाजवळ दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या असतात, त्यांत पू साचून राहिला तर दिसायला ठणठणीत असलेला घोडा महिनोन्‌महिने आजार पसरवतो. बरे झालेल्या दहातला एखादा असा निघतो. त्यामुळे यात्रेतून, मग ती माळेगावची असो की सारंगखेड्याची, नवा घोडा आणला की तीन आठवडे तो बाकीच्यांत मिसळू देऊ नका.

आता दुसरा आजार, ग्लँडर्स. डॉक्टर बोलवायचा आमचा आग्रह मुख्यतः याच्यासाठी आहे. यातही नाकातून घट्ट शेंबूड येतो, गाठी येतात. पण नाकाच्या आत जखमा होतात, पायांवर ओळीने गाठी उठतात आणि फुटून त्यातून मधासारखा चिकट पू येतो. गाढवं आणि खेचरं थोड्याच दिवसांत दगावतात, घोडा मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतो. हा आजार माणसाला होतो आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीव घेतो. 2006 साली तो महाराष्ट्रात आढळला, पुढे उत्तर प्रदेश, उत्तराखंड, गुजरात अशा अनेक राज्यांत निघाला. त्यावर लस नाही. सुरुवातीला नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक भल्याभल्यांना कळत नाही. रक्ताचा नमुना घेऊन तपासावा लागतो. देशात हे काम हरियाणातल्या हिसारचं राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र करतं.

ग्लँडर्स पक्का झाला तर 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यानुसार घोड्याला वेदनारहित मरण देऊन खोल पुरावं लागतं. उपचार करत बसायला परवानगी नाही. इथेच माणूस लपवतो. लग्नसराईची सुपारी घेतलेली असते, शर्यतीची तारीख ठरलेली असते, आणि हा घोडाच घरची चूल पेटवत असतो. हे आम्हाला कळत नाही असं नाही. पण सरकारी डॉक्टरांकडून रीतसर नोंद झाली तरच भरपाई मागता येते. गुपचूप विकलेला घोडा दुसऱ्याच्या घरात, त्याच्या लेकरांच्या हाताशी जातो. शिवाय वाहणारं नाक बहुतेक वेळा ग्लँडर्सचं नसतं. तपासणीने उलट जिवाचा घोर जातो. निकाल येईपर्यंत हातमोजे आणि मास्क घालूनच घोड्याजवळ जा. हाताला जखम असेल त्याने लांब राहावं, मुलांना तोंडाला तोंड लावू देऊ नका.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेच्या काठची जनावरं जिथे उंच जागा मिळेल तिथे एकत्र बांधावी लागली. अशा वेळी निदान आपल्या घोड्याची बादली आणि तोबरा आपल्यासोबत न्या, आणि नाक वाहणारा घोडा छावणीच्या कडेला बांधा.

पशुवैद्यकीय दवाखान्यात जाणं जमत नसेल तर 1962 या टोल फ्री नंबरवर फोन केला की फिरतं पथक मागवता येतं. फोनवर ताप किती, किती दिवसांपासून, गाठ कुठे आणि गेल्या महिन्यात घोडा कुठे कुठे गेला होता, एवढं सांगा. नालबंदालाही आधीच कळवा, म्हणजे तो तुमचा घोडा दिवसात शेवटी घेईल आणि अवजारं धुऊनच पुढच्या दारी जाईल. घोडा पुन्हा वरातीला किंवा मैदानात काढायच्या आधी आठवड्याच्या अंतराने तीनदा नमुना तपासून घ्यायची पद्धत आहे. तिन्ही वेळा जंतू निघाला नाही, तरच त्याला बाकीच्यांत सोडा.