झाकलेले आणि पुसलेले

चंडीगडच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात पहाडी शैलीच्या लघुचित्रांचा मोठा संग्रह आहे. फाळणीनंतर १९४८ साली लाहोरच्या संग्रहालयाची वाटणी झाली. तीत ४० टक्के ठेवा भारताकडे आला आणि त्यातूनच हा संग्रह उभा राहिला. पहाडी चितारी प्रथम कच्चे रेखाटन करी, त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात देई, खालून पुसट दिसणाऱ्या रेषांच्या आधाराने पक्की आकृती काढी आणि मग रंग भरी. जेथे रंगाचा पापुद्रा उडाला आहे, तेथे ती पहिली रेषा आजही डोकावते. चितारी जुनी रेषा पुसत नसे, झाकत असे.

छायाचित्रकारापुढे हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. आरंभीच्या काचा निळ्या प्रकाशाला फार लवकर वश होत. समुद्र नीट उमटला की आकाश पांढरे फटक पडे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० नंतरच्या दशकात दोहोंच्या स्वतंत्र काचा घेतल्या आणि एक भाग छापताना दुसरा झाकून ठेवला. १८५७ साली इंग्लंडमध्ये रेलँडरने तीसहून अधिक काचांतून एकच चित्र सिद्ध केले.

महाराष्ट्रात ही विद्या दादासाहेब फाळके यांच्या हाती फळाला आली. कलाभवनातील शिक्षण, गोध्र्यातील छायाचित्रणाचा व्यवसाय, लोणावळ्याच्या रविवर्मा छापखान्यातील अनुभव आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने केलेले जादूचे प्रयोग, ही सारी शिदोरी त्यांच्यापाशी होती. १९१८ च्या ‘श्रीकृष्णजन्म’ या चित्रपटात कंसाचे शिर धडावेगळे होताना दिसते. असल्या दृश्यांसाठी चौकटीचा एक भाग काळ्या आडोशाने झाकावा, चित्रण करावे, फिल्म मागे गुंडाळावी आणि राहिलेल्या भागावर पुन्हा चित्रण करावे, अशी त्या काळची रीत होती. यंत्र हाताने फिरवायचे, म्हणून फेरेही मोजावे लागत. मोजणी चुकली की दोन्ही वेळची मेहनत वाया जाई. फिल्मवर एकदा पडलेला प्रकाश परत घेता येत नसे.

तो परतीचा मार्ग संगणकाने खुला केला. थॉमस व जॉन नोल या बंधूंनी घडविलेला ‘फोटोशॉप’ १९९० साली बाजारात आला आणि १९९४ च्या आवृत्तीत चित्राचे थर एकावर एक रचण्याची सोय झाली. थरावर मुखवटा चढविला की त्याच्या काळ्या भागाखालचे चित्र लपते, पांढऱ्या भागाखालचे दिसते, करड्या भागाखालचे अर्धवट दिसते. चेहरा उजळावा आणि मागची भिंत तशीच राहावी, इतकी नेमकी दुरुस्ती साधते. आणि मुखवटा काढताच मूळ चित्र जसेच्या तसे हाती येते.

परंतु हे अभय केवळ कारागिराला आहे. थर एकजीव करून चित्र बाहेर पाठविले, की पाहणाऱ्याला मुखवट्याचा मागमूस लागत नाही. पहाडी चित्रावरचा उडालेला पापुद्रा निदान चिताऱ्याचा हात उघड करतो. येथे उडायला पापुद्राच नाही. म्हणून जे छायाचित्र उद्या पुरावा किंवा इतिहास ठरणार आहे, त्याची मूळ प्रत जपून ठेवणे हा त्या कारागिरीचाच एक भाग मानला पाहिजे.